कॅपसाठीचे कॉलेज प्रेडिक्टर: कामाचे किती, भुलवणारे किती

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या राज्य परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून पालकांच्या ग्रुपवर लिंका फिरायला लागतात: पर्सेंटाइल टाका, कॉलेज बघा. सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, म्हणजे कॅपमध्ये, कोणतं कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणारे हे प्रेडिक्टर. त्यात तीन प्रकार. फुकट वेबसाइट, काहीशे रुपयांचं अ‍ॅप आणि ‘फॉर्मच भरून देतो’ म्हणणारं हजारांतलं काउन्सेलिंग. तिन्हींच्या पोटात माल मात्र एकच असतो, तो म्हणजे परीक्षा आणि प्रवेश सांभाळणाऱ्या सरकारी सीईटी सेलनं आधीच्या वर्षी फुकट प्रसिद्ध केलेली कटऑफची (कुठली जागा कितव्या नंबरापर्यंत गेली याची) पीडीएफ. ती शेकडो पानांची असते आणि मोबाइलवर वाचताना जीव मेटाकुटीला येतो. त्यामुळे तिचं शोधता येईल असं टेबल करून देणं ही खरी सोय आहे, आणि तेवढ्यापुरते हे प्रेडिक्टर चांगले. तक्रार सुरू होते ती ‘शक्यता ८७ टक्के’ असला हिरवा पट्टा दिसायला लागतो तिथून.

पहिली गफलत पर्सेंटाइलची. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या मागे किती टक्के मुलं आहेत. पुढे किती आहेत हे एकूण मुलं किती बसली त्यावर ठरतं. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९५ हजार जणांनी परीक्षा दिली, २०२५ मध्ये सुमारे ४ लाख २२ हजार. म्हणजे ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे २०२४ ला साधारण २,९५० मुलं होती, २०२५ ला ४,२२०. आकडा तोच, रांग साडेबाराशेंनी लांबलेली. गेल्या वर्षीचा पर्सेंटाइल या वर्षीच्या पर्सेंटाइलला लावून ‘सेफ’ म्हणणारं टूल इथंच आपटतं.

यावर उपाय त्याच पीडीएफमध्ये छापलेला असतो. प्रत्येक कटऑफच्या घरात दोन आकडे असतात: वर मेरिट नंबर, खाली कंसात सात दशांश स्थळांपर्यंतचा पर्सेंटाइल. बघायचा तो वरचा. कॅपची गुणवत्ता यादी लागली की तुमचा स्टेट मेरिट नंबर कळतो, तो गेल्या वर्षीच्या मेरिट नंबरशी ताडायचा. यादीत फक्त कॅपला नोंदणी केलेली मुलं असतात, त्यामुळे हा हिशेब जास्त खरा. त्या ब्रँचच्या जागा वाढल्या वा घटल्या का, हे या वर्षीच्या सीट मॅट्रिक्समध्ये (जागांच्या तक्त्यात) तपासायचं. मेरिट नंबर विचारणारा प्रेडिक्टर दिसला तर त्याला अर्धे गुण तिथंच द्यावेत. बहुतेक विचारत नाहीत, कारण यादी लागेपर्यंत थांबलं तर गिऱ्हाईक निघून जातं.

दुसरी गफलत शेवटच्या अक्षराची, आणि नुकसान सगळ्यात जास्त हीच करते. पीडीएफच्या रकान्यांना जीओपनएस, जीओपनएच, जीओपनओ असे कोड असतात. मधलं ओपन म्हणजे खुला गट. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. शेवटचं एस म्हणजे राज्यस्तर, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय या कॉलेजांना एसचे रकाने बघायचे. पुण्याच्याच पीआयसीटी कॉलेजासारख्या ठिकाणी एच आणि ओ वेगळे असतात आणि दोन्हींच्या कटऑफमध्ये फरक पडतो. आता होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठून केली त्यावर. घर कुठं आहे याचा संबंध नाही. साताऱ्याचा मुलगा बारावीला लातूरला असेल तर त्याचं होम नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. साताऱ्यातच शिकला असता तर शिवाजी विद्यापीठ. अ‍ॅप नुसतं ‘तुमचा जिल्हा’ विचारतं, पालक सातारा टाकतात, आणि पुढची सगळी यादी चुकीच्या रकान्यातून निघते. पैसे भरण्याआधी एवढं एकच तपासा: बारावीचा जिल्हा विचारला जातोय का?

मुलींच्या बाबतीत तर निम्मी टूल्स अपुरी आहेत. ओबीसीतली मुलगी चार रकान्यांत बसते: जीओपन, एलओपन, जीओबीसी, एलओबीसी. चारही बघून त्यातला सगळ्यात सैल कटऑफ तिच्यासाठी धरायचा. टूल एकच रकाना दाखवत असेल तर मुलगी उगाच खालच्या कॉलेजांवर समाधान मानते. उलट बाजूही आहे. टीएफडब्ल्यूएसचा (शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा) कोड वेगळा असतो आणि त्याचा कटऑफ बहुधा साध्या जागेपेक्षा वर जातो. पण २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मग त्यांनी टीएफडब्ल्यूएससाठी चढाओढ कशाला करायची? हा सल्ला देणारं टूल फारसं दिसत नाही.

अल्पसंख्याक कोट्याचं थोडक्यात: मुंबईतलं द्वारकादास संघवी कॉलेज गुजराती भाषकांसाठी, वेसिट कॉलेज सिंधी भाषकांसाठी. तिथल्या जागांचा मोठा वाटा त्या समाजाकडे जातो, त्यामुळे बाकीच्यांनी कटऑफ वाचताना एमआयचा (अल्पसंख्याकांचा) रकाना वगळावा. काही टूल्स तो मिसळून टाकतात.

आता पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांबद्दल. त्यांचा लाडका सल्ला असतो, ‘वर सेफ कॉलेज टाका, नाहीतर तेही जाईल.’ हे सपशेल चूक आहे. जागा मेरिट नंबरनं मिळते. कॉलेज तुम्ही पहिलं टाकलं की चाळिसावं, तिथली तुमची शक्यता तसूभरही बदलत नाही. पसंतीक्रमानं फरक पडतो तो ऑटो फ्रीजमुळे, म्हणजे ठरावीक वरची पसंती मिळाली की जागा आपोआप पक्की होते त्यामुळे. २०२५ च्या नियमांनुसार चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी मिळाली तर पक्की. अशी पक्की झालेली जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. म्हणजे ‘सेफ’ कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकणारा मुलगा पहिल्याच फेरीत तिथं अडकतो. वरच्या सहा जागा मनापासून हव्या त्याच ठेवायच्या, मेरिट नंबरच्या पलीकडच्या दिसल्या तरी. बेटरमेंट (हातातली जागा ठेवून आणखी चांगलीसाठी प्रयत्न) घेऊन पुढच्या फेरीत जाणाऱ्यांनी हातात असलेल्या जागेपेक्षा खालचं काहीही भरू नये. नवी जागा मिळाली की जुनी आपोआप सुटते. यंदाचे नियम माहितीपुस्तिकेत पाहून घ्या, दरवर्षी थोडी उलथापालथ होतेच.

शक्यता खरोखर वाढते ती निकालाच्या आधी. पेपरात १५० प्रश्न, २०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. कोरा सोडलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे फुकट गेलेली संधी. गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, म्हणजे निम्मा पेपर गणिताचाच, आणि पर्सेंटाइल सारखा आला तर आधी गणिताचाच पर्सेंटाइल बघतात. अकरावीचा भाग साधारण २० टक्के, तो टाकून देणारे पुष्कळ.

आणि कागद. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं, जात पडताळणी वेगळी. मुदतीत मूळ प्रमाणपत्र दिलं नाही तर विद्यार्थी खुल्या गटात जातो, आणि अ‍ॅपनं दाखवलेली अख्खी यादी एका झटक्यात रद्दी होते.

आमचे गुण: फुकट वेबसाइटला पाचपैकी तीन, निव्वळ शोधण्याच्या सोयीसाठी. अ‍ॅपला दोन, मेरिट नंबर आणि बारावीचा जिल्हा दोन्ही विचारत असेल तर साडेतीन. फॉर्म भरून देणाऱ्यांना एक, आणि लॉगिनचा पासवर्ड मागितला तर तोही नाही.