रोज दीड जीबी, 84 दिवस: वापरून झाल्यावर आता सोडतोय

रोज दीड जीबी, 84 दिवस, कॉल अमर्याद, रोज शंभर एसएमएस. हा प्लॅन माहीत नसलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं अवघड, त्यामुळे तपशिलात शिरत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. थोड्याफार फरकाने हाच प्लॅन तिन्ही खाजगी कंपन्यांकडे आहे आणि माझं भांडण आहे ते त्याच्या रचनेशी.

तीन-तीन महिन्यांचा रिचार्ज करत वर्षाहून जास्त काळ हाच प्लॅन चालवला. सुरुवातीला खूश होतो, आणि कारणही तसंच होतं. जुलै 2024 मध्ये सगळ्यांनी दर वाढवले. जिओचा 28 दिवसांचा दीड जीबीवाला 239 वरून 299 वर गेला, एअरटेलचा 84 दिवसांचा दीड जीबीवाला 719 वरून 859 वर. त्या वाढीनंतर महिन्या-महिन्याचा रिचार्ज अंगावर यायला लागला. शिवाय 28 दिवसांचा म्हणजे महिन्याचा नव्हेच, वर्षाला बाराच्या जागी तेरा रिचार्ज होतात. 84 दिवसांचा घेतला की दरमहा थोडे पैसे वाचतात आणि "आपला प्लॅन उद्या संपत आहे" हे मेसेजही कमी येतात. कॉल कधी तुटले नाहीत, साताऱ्यात वेगाबद्दल तक्रार नाही. इथपर्यंत सगळं उत्तम.

आता मूळ दुखणं. मी साताऱ्यात राहतो. ऑफिसात वायफाय, घरी फायबर. सोमवार ते शुक्रवार मोबाइल डेटा लागतो तो येता-जाता, बाजारात, बँकेच्या रांगेत. रोजचा वापर तीनशे-चारशे एमबी, त्याहून जास्त क्वचितच. म्हणजे रोज एक जीबीच्या वर डेटा पडून राहतो आणि रात्री बारा वाजता नाहीसा होतो. शनिवार-रविवार गावी, पाटण तालुक्यात. तिथे वायफाय नाही, घरात माणसं चार आणि चालू नेट माझं. तिथे दीड जीबी दुपारच्या जेवणापर्यंतही पुरत नाही.

कागदावर दीड गुणिले 84 म्हणजे 126 जीबी. पैसे 126 चे मोजायचे, आणि माझ्यासारख्याच्या हाती त्यातले निम्मेही लागत नाहीत. बरं, जे लागत नाहीत ते मला नकोत म्हणून नव्हे. मला ते रविवारी हवे असतात आणि कंपनीने ते मंगळवारीच काढून घेतलेले असतात.

हे सगळं मी बरेच दिवस चालवून घेतलं. पित्त खवळलं ते खरिपाच्या ई-पीक पाहणीच्या वेळी. ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको. सातबाऱ्यावर पीक लागायचं तर ॲपमध्ये गट निवडायचा, पिकाचं नाव आणि क्षेत्र भरायचं आणि रानात उभं राहून फोटो काढायचा. पीक विमा असो की नुकसानभरपाई, सगळीकडे ही नोंद विचारतात. वरच्या रानात सोयाबीन, खाली ओढ्याकडेला भात. रविवार होता आणि मुदत संपत आलेली. सकाळपासून अण्णांचं कीर्तन माझ्या हॉटस्पॉटवर, भाच्याची मॅचही त्यावरच. 50 टक्क्यांचा मेसेज आला, मग 90 चा, आणि मी चिखल तुडवत बांधावर पोचलो तेव्हा 100 चा. "आजचा डेटा संपला, वेग आता 64 केबीपीएस."

64 केबीपीएस म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या, कारण जाहिरातीत याला "अमर्याद इंटरनेट" म्हणतात. 64 किलोबिट म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. एक एमबी जायला दोन मिनिटं. माझ्या फोनमधला पिकाचा फोटो तीन एमबीच्या आसपास, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी सहा मिनिटांच्या वर. आमच्या खोऱ्यात रेंजच्या दोन काड्या असताना सुरळीत काही चालत नाही. फोटो निघाला, माहिती भरून झाली, पण अपलोडचं चक्र फिरत राहिलं आणि शेवटी एरर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वरून पाऊस. येताना दुकानात साखर-चहापत्ती घेतली तर क्यूआर स्कॅन होऊनही पैसे जाईनात. तिथे *99# डायल करून यूपीआयने पैसे पाठवायची सोय कामाला आली, ती नेटशिवाय चालते. बँकेत नंबर जोडलेला असेल आणि यूपीआय पिन असेल तर एकदा करून बघाच.

संध्याकाळी डेटाचं छोटं पॅक घेतलं, तीस रुपयांच्या आतलं, "वैधता 1 दिवस". फोटो गेले, नोंद झाली. खर्च झाला असेल पन्नास एमबी. पॅकमध्ये एक जीबीच्या वर शिल्लक, म्हणून सकाळी साताऱ्याला निघताना एसटीत वापरायचा विचार होता. सकाळी पाहतो तर पॅक संपलेलं. त्यांच्या लेखी 1 दिवस म्हणजे 24 तास नाहीत, त्या रात्रीचे 11:59. सकाळी सहाला घ्या की रात्री दहाला, किंमत तीच. संध्याकाळनंतर घेणाऱ्याला काही तास मिळतात आणि तो दिवसाचे पैसे देतो. रक्कम लहान आहे, मान्य. पण हे पॅक घेतंच कोण? ज्याचा दिवसाचा डेटा संपला तो. आणि दिवसाचा डेटा संपतो कधी? दुपारनंतर. म्हणजे ज्याला हे विकायचं त्याला पूर्ण दिवस मिळूच नये, अशीच ही आखणी आहे.

मी तक्रार केली. 198 हा तक्रारीचा क्रमांक, कुठल्याही कंपनीच्या सिमवरून फुकट लागतो. चौकशीचा क्रमांक वेगळा असतो, तिकडे नुसते प्लॅन विकतात, म्हणून 198 च लावा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. पलीकडची मुलगी अदबीने बोलली, पण उत्तर एकच, "सर, ते अटींमध्ये दिलेलं आहे." समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. फी नाही, वकील नाही, 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, एकट्या-दुकट्याची तक्रार घेत नाहीत, त्यामुळे तिथे ईमेल पाठवण्यात वेळ घालवू नये. अपिलाचं उत्तर मुदतीत आलं. पॅकच्या वर्णनात वेळ दिलेली असल्याने परतावा देता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. वर्णन म्हणजे ॲपमधल्या त्या छोट्या बाणावर बोट ठेवल्यावर उघडणारी चौकट. पैसे भरायच्या बटणापाशी ते कुठेही नाही.

यानंतर रागाच्या भरात एका वेळेपुरता रोज दोन जीबीवाला घेतला. जिओ आणि एअरटेलने जुलै 2024 पासून अमर्याद 5जी साधारणपणे दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनलाच ठेवलं आहे, त्यामुळे अर्ध्या जीबीचा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. साताऱ्यात हा प्लॅन अप्रतिम चालला. 5जीवर असताना रोजच्या कोट्याला हातही लागत नाही. पण 5जी जिथे भरभरून येतं तिथे माझ्याकडे वायफाय आधीच आहे. घाट ओलांडून गावाकडे उतरलं की फोनवर 4जी, आणि 4जीवर कोटा मोजायला सुरुवात. जिथे गरज नाही तिथे नदी वाहते आणि जिथे गरज आहे तिथे घागर मोजून देतात.

तरीही या प्लॅनबद्दलचं माझं मत तेवढ्यावर ठरवणार नाही. आमच्या समोरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोघी भाड्याने राहतात. वायफाय नाही, दिवसभर लेक्चर चालू. त्यांचा फोन 5जी, खिडकीतून टॉवर दिसतो. महिन्याला फायबरचं बिल भरण्यापेक्षा त्यांना दोन जीबीवाला कितीतरी स्वस्त पडतो. रोजच्या मर्यादेचाही त्यांना फायदाच वाटतो, कारण 4जीवर गेलं तरी एका दिवसात महिन्याचा डेटा उडत नाही. शहरात, वायफाय नसलेल्या आणि 5जी फोन असलेल्या माणसाने दुसरीकडे बघायचं कारण नाही. आधी मी हे प्लॅन सरसकट लुबाडणूक म्हणत होतो, आता तसं म्हणत नाही. रोज सारखा वापर असलेल्याला ते बरोबर बसतात. ज्याचा वापर आठवड्यात वर-खाली होतो, त्याचा त्यात तोटा आहे.

उरलेला डेटा पुढे नेणं तांत्रिकदृष्ट्या जमत नाही, असं मला ग्राहकसेवेतून सांगितलं गेलं. हे पटण्यासारखं नाही. एअरटेलने पोस्टपेडवर डेटा पुढे न्यायची सोय 2017 मध्येच आणली. व्हीआयने तर 2020 पासून प्रीपेडवरच सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरू द्यायला सुरुवात केली. जमत सगळ्यांना आहे. पोस्टपेडचा हिशेबही मांडून पाहिला, पण तिथे जाहिरातीतली किंमत करापूर्वीची असते. 449 चा प्लॅन 18 टक्के जीएसटी धरून 529 रुपये 82 पैशांना पडतो. प्रीपेडच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो. ही तुलना करताना पुष्कळ जण फसतात. कुटुंबातले तीन-चार नंबर एकत्र असतील तर पोस्टपेडचं गणित बसू शकतं, एकट्याला नाही.

आता मी काय केलंय ते सांगतो. 84 दिवसांचाच, पण रोजच्या कोट्याचा नव्हे, एकगठ्ठा काही जीबी देणारा प्लॅन घेतला. कॉल तसेच अमर्याद. हे प्लॅन ॲप उघडल्यावर समोर दिसत नाहीत, पार खाली "व्हॅल्यू" किंवा तसल्या कुठल्या तरी मथळ्याखाली असतात. त्याच्या जोडीला महिनाभर चालणारं दहा-बारा जीबीचं डेटा पॅक, ते दीडशे ते पावणेदोनशेच्या दरम्यान मिळतं. ते दर महिन्याला लागतंच असं नाही, मी गावी जास्त राहणार असेन तेव्हाच टाकतो. मंगळवारी वाचलेला डेटा रविवारी जागेवर असतो, याचं समाधान शब्दांत सांगता येणार नाही. आणि पैसेही कमी लागतात.

यात सावध राहायच्या गोष्टी आहेत. रोजचं कुंपण नसल्यामुळे एखादी भलीमोठी अपडेट सगळा गठ्ठा गिळू शकते. प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट फक्त वायफायवर ठेवा, व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, यूट्यूबची क्वालिटी 360 वर आणा. अण्णांच्या फोनवर हे शेवटचं केलं तर त्यांना फरक कळलासुद्धा नाही, कीर्तनकार तेवढाच स्पष्ट दिसतो. दुसरं, गठ्ठा संपल्यावर काय होणार ते घेण्याआधी वाचा. कुठे वेग 64 वर येतो, कुठे मुख्य शिलकेतून एमबीमागे पैसे कापले जातात. आणि डेटा पॅकवर "मूळ प्लॅन चालू असणे आवश्यक" असं लिहिलेलं असतं, म्हणून दोन्हींच्या तारखा जुळवून घ्या.

आईचा नंबर तर आता डेटाविनाच आहे. तिच्याकडे बटणांचा फोन. कित्येक वर्षं आम्ही तिच्या नावाने रोजचा दीड जीबी भरत होतो, कारण स्वस्तात तसा दुसरा प्लॅनच नव्हता. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने नियम बदलला, फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत 90 वरून 365 दिवसांवर नेली. आईला बँकेचा ओटीपी येतो, भावाशी तासभर बोलता येतं, तिला एवढंच हवं असतं. ज्यांच्या घरात असा साधा फोन आहे त्यांनी आजच बघून घ्या. दुकानदार हे प्लॅन आपणहून सुचवत नाहीत.

याच ट्रायने जानेवारी 2022 मध्ये 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नवा होणारा एक तरी प्लॅन ठेवायला कंपन्यांना लावलं होतं. तो आला, अजून मिळतो, आणि त्याने कुठल्या कंपनीचं दिवाळं निघालेलं नाही. मग उरलेला डेटा मुदत संपेपर्यंत पुढे नेणारा एक प्रीपेड प्लॅन प्रत्येकाने ठेवावा, असाही आदेश काढता येईल. आणि एका दिवसाचं पॅक विकायचं तर घेतल्या क्षणापासून 24 तास द्या. द्यायचे नसतील तर "आज रात्री 11:59 पर्यंत" हे पैसे भरायच्या बटणावरच लिहा, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात.