जुन्या डेस्कटॉपमध्ये सेकंड हँड पार्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी मशीन काय होतं ते. एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर आय३-४१३०, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच स्टिक, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). आता त्यात सेकंड हँड आय७-४७७०, ८ जीबीच्या दोन सेकंड हँड स्टिक आणि सेकंड हँड जीटीएक्स १६५० कार्ड आहे. ५०० जीबीची २.५ इंची साटा (डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत) एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस, बायोसची (बोर्डातल्या मूळ प्रोग्रामची) बॅटरी आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरपर्यंत नेणारी) मात्र नवीन. रोजचा वापर आठ-दहा तास: ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, ऑफिसच्या फाइली, फोटो, अधूनमधून १०८० पिक्सेलचं व्हिडिओ एडिटिंग आणि थोडे जुने गेम.

जुनं आणि नवीन अशी ही वाटणी ठरवून केली आहे. प्रोसेसर आणि रॅम वापराने जवळपास झिजत नाहीत. चालत असतील तर चालतात, बिघडलेले असतील तर चाचणीत एका दिवसात कळतं. एसएसडी लिहून लिहून झिजते, एसएमपीएसमधले कॅपॅसिटर उष्णतेने वाळतात, आणि ते कधी दगा देतील ते बाहेरून दिसत नाही. एसएमपीएस जाताना एकटा जाईलच असं नाही. ग्राफिक्स कार्ड या दोन्हींच्या मधलं: चिप टिकते, पंखा आणि पेस्ट टिकत नाही.

सगळ्यात मोठा फरक एसएसडीने पडला, आणि त्यात आश्चर्य काहीच नाही. बूट व्हायला दीड मिनिटाच्या आसपास लागायचं, आता वीस सेकंदांच्या आत डेस्कटॉप येतो. बजेट एकाच वस्तूपुरतं असेल तर बाकी यादी फाडून टाका आणि एसएसडी घ्या. एच८१ वर सहसा चार साटा पोर्ट असतात, पण त्यांतले दोनच ६ गिगाबिटचे, उरलेले ३ गिगाबिटचे. रंग वेगळा असतो किंवा बोर्डावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. एसएसडी चुकीच्या पोर्टवर लावली तर सलग वाचनाचा वेग ५५० एमबीऐवजी २७०-२८० एमबीवर अडकतो आणि दोष एसएसडीच्या माथी जातो. शिवाय बायोसमध्ये साटा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवर असेल तर तो एएचसीआय या नव्या पद्धतीवर करायचा. जुनंच विंडोज क्लोन करून आणलं असेल आणि मोड थेट बदलला, तर निळा स्क्रीन येतो. म्हणून आधी विंडोजच्याच एमएसकॉन्फिग या सोयीमधून सेफ बूट निवडायचं, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्यायचं आणि मग सेफ बूटची खूण काढायची. विंडोज कोरं टाकणार असाल तर ही भानगडच नाही.

या पिढीच्या बोर्डांवर एनव्हीएमई ड्राइव्हच्या (साटापेक्षा वेगवान एसएसडीच्या) नादी लागू नये. अडॅप्टर कार्डावर ड्राइव्ह दिसतो, पण बहुतेक एच८१ बोर्डांच्या बायोसला त्यावरून बूट कसं करायचं ते ठाऊक नसतं.

रॅम घेताना तीन सापळे आहेत. पहिला, "फक्त एएमडीसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त ८ जीबी स्टिक. त्यांच्या चिपची आतली मांडणी वेगळी असते, इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. दुसरा, सर्व्हरमधून काढलेल्या रजिस्टर्ड ईसीसी स्टिक. त्या खाचेत बरोबर बसतात, मशीन मात्र चालू होत नाही. तिसरा, १६ जीबीची एकच स्टिक. हॅसवेल, म्हणजे या प्रोसेसरांची पिढी, एका खाचेत ८ जीबीच्या पुढे जात नाही आणि एच८१ ला खाचाच दोन, म्हणजे १६ जीबी ही शेवटची हद्द. १.३५ व्होल्टच्या डीडीआर३एल स्टिक चालतात, १.५ च्याही चालतात. दोन्ही खाचा भरल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरण्याची सोय, मिळतं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा फायदा जास्त जाणवतो, कारण आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामचे चार पूर्ण फेरे होईपर्यंत स्टिकवर विश्वास ठेवू नका. पहिल्यांदा आलेल्या जोडीतल्या एका स्टिकने पहिला फेरा स्वच्छ दिला आणि तिसऱ्यात चुका दाखवल्या. एकही चूक माफ नसते, लाल ओळ दिसली की स्टिक परत. पण परत करण्याआधी सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, दुसऱ्या खाचेत लावून पुन्हा तपासा. कधी कधी दोष खाचेतल्या धुळीचा असतो.

प्रोसेसर निवडताना आय७-४७९० थोडा वेगवान आहे, तरी ४७७० घेतला. कारण साधं आहे. ४७९० नंतरच्या रिफ्रेश मालिकेतला, आणि २०१३ च्या बायोसवर तो ओळखला जात नाही. तो घ्यायचाच असेल तर बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट करा. प्रोसेसर बदलल्यावर स्क्रीन काळा राहिला तर अपडेट करायला पुन्हा जुनाच बसवावा लागतो. सेकंड हँड ४७७० च्या झाकणावर एसआर१४९ हा कोड असायला हवा. क्यू अक्षराने सुरू होणारा चार अक्षरी कोड दिसला तर ते इंजिनिअरिंग सॅम्पल, ते घेऊ नये. खालची बाजू उजेडात तिरकी धरून पाहा. मधल्या भागातला एखादा बारीक पार्ट उडालेला असेल तर तो प्रोसेसर नको. पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, आणि तिथली एक पिन वाकली तर रॅमची एक खाच गायब होण्यापासून मशीन ठार बंद पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, खाचा जुळवायच्या, दाबायचा नाही.

इथे एक चूक हमखास होते. आय३ ५४ वॉटचा, ४७७० ८४ वॉटचा. जुनाच पातळ कूलर वर ठेवला की रेंडर करताना तापमान झपाट्याने १०० अंशांना भिडतं आणि प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. मग आय७ घेऊनही काही वाटत नाही अशी तक्रार सुरू. तांब्याचा गाभा असलेला जाड कूलर हवा. वाटाण्याएवढा पेस्टचा ठिपका मधोमध, आणि चारही प्लॅस्टिकच्या खुंट्या कर्णरेषेत, समोरासमोरच्या जोडीने दाबायच्या, खटका ऐकू येईपर्यंत. बोर्ड बाहेर काढून मागून पाहिलं तर काळी खुंटी चारही ठिकाणी पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. तापमानाच्या बहुतेक तक्रारी एका न बसलेल्या खुंटीपाशी संपतात. सध्या ३३-३४ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७८ ते ८२ अंश दिसतात. शांत म्हणता येणार नाही, पण वेग पडत नाही.

एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचू नका, स्टिकरवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. जुन्यावर ४५० वॉट छापलेलं होतं, पण १२ व्होल्टवर १८ अँपियर, म्हणजे जेमतेम २१६ वॉट. प्रोसेसर ८४, कार्ड ७५, त्यात बोर्ड, डिस्क आणि पंखे मिळवले की तो काठावर येतो. शिवाय हॅसवेलची आणखी एक खोड आहे. काहीच काम नसताना सी६-सी७ या झोपेच्या स्थितीत हा प्रोसेसर ०.०५ अँपियरइतका कमी प्रवाह मागतो. काही जुन्या एसएमपीएसना एवढा कमी भार झेपत नाही आणि मशीन निवांत असतानाच बंद पडतं. नवीन एसएमपीएस लगेच जमत नसेल तर बायोसमध्ये सी६-सी७ बंद करून ठेवा. एसएसडीला वीज देण्यासाठी मोलेक्स (जुना चार पिनचा प्लग) ते साटा अडॅप्टर वापरणार असाल तर एकसंध साच्यात ओतलेला नको. त्यात आतल्या आत शॉर्ट होऊन ते जळतात. तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला घ्या.

कार्डाच्या बाबतीत जीटीएक्स १०५० टीआय स्वस्त मिळत होतं. तरी १६५०, कारण १०५० टीआयच्या पास्कल पिढीला नवीन ड्रायव्हर यायचे थांबले आहेत, ५८० ही त्यांची शेवटची मालिका. घेताना ६ पिनचं जोड नसलेलं मॉडेल निवडा, ते ७५ वॉट थेट खाचेतून घेतं. एएमडीचं आरएक्स ६४०० कार्ड कागदावर मोहात पाडतं, पण ते चारच लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं. एच८१ ची कार्डाची खाच जुन्या पीसीआय एक्सप्रेस २.० ची असल्याने तिथे सेकंदाला २ जीबीच वाट उरते. १६५० सोळा लेन वापरत असल्याने त्याचा गळा आवळला जात नाही. बनावट १०५० टीआयही फिरतात, आत जुनी ५५० टीआयची चिप आणि बदललेलं बायोस. कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड प्रोग्राम उघडला की नावाआधी 'फेक' असं दिसतं. पैसे देण्याआधी तो उघडा आणि कार्डावर पूर्ण भार टाकणारा फरमार्क पंधरा मिनिटं चालवा. स्क्रूंवर ओरखडे, बोर्डावर पिवळट डाग किंवा भाजल्याचा वास असेल तर ते हॉट एअरने जिवंत केलेलं कार्ड समजा. अशी कार्डं महिना-दोन महिने चालतात.

या कार्डाचा रोजचा फायदा गेमपेक्षा व्हिडिओत दिसतो. ४७७० चं आतलं ग्राफिक्स एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओ दाबून साठवायचे प्रकार पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडत नाही, म्हणून ४के व्हिडिओ लावला की प्रोसेसर धापा टाकतो. १६५० हे काम सहज करतं. एव्ही१ हा त्याहून नवा प्रकार मात्र त्यालाही जमत नाही.

आठ महिन्यांत बिघडलं काय? पाचव्या महिन्यात कार्डाचा एक पंखा सुरू होताना खरखरू लागला. स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब घातल्यावर काही आठवडे शांत, मग पुन्हा तेच. शेवटी पंखाच बदलला. सोबत पेस्ट बदलली तेव्हा तापमान सात-आठ अंशांनी उतरलं, हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दुसरी तक्रार जास्त त्रासदायक होती: दिवसातून एखाद वेळा पंधरा-वीस सेकंद सगळं गोठायचं. एसएसडीवर संशय होता. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी७ ही ओळ, म्हणजे सीआरसी चुकांची (डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांची) मोजणी, दर आठवड्याला वाढत होती. आरोग्य १०० टक्के आणि सी७ वाढतोय म्हणजे एसएसडी नाही, साटा केबल. जुनी केबल टाकून खटक्याची नवीन लावली, आकडा तिथेच थांबला. हा आकडा मागे जात नाही, त्यामुळे तो शून्य व्हायची वाट पाहू नका.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच, हा प्रोसेसर चौथ्या पिढीचा. अट चुकवून ते बसतं, पण पुढच्या मोठ्या अपडेटची हमी नाही. सध्या या मशीनवर लिनक्स मिंट २२ आहे, आणि विंडोज लागतंच अशा एका सॉफ्टवेअरसाठी वेगळं पार्टिशन, ज्याला इंटरनेट दिलेलं नाही.

यापुढे या बोर्डावर काही घालणार नाही. बोर्ड बदलायची वेळ आली तर एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड पुढच्या मशीनमध्ये जसंच्या तसं जाईल. प्रोसेसर, कूलर आणि डीडीआर३ रॅम मागे राहील, म्हणून या तिन्हींवर जितका कमी खर्च करता येईल तितका केला होता.