लाखेचा रिंग-मनोरा, नऊ महिन्यांनंतर: एक तारा दिला होता, तो मागे घेतोय

पूर्ण मागे घेत नाही, तेवढं आधीच सांगतो.

वस्तू तुम्हाला माहीत असेलच. कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाखेच्या खेळण्यांचा संच: दांड्यात घालायच्या सात रिंगा, एक खुळखुळा आणि दोरीनं ओढायचं बदक. गेल्या दिवाळीत सूनबाईंनी ऑनलाइन मागवला, १,८५० रुपये. नातू तेव्हा आठ महिन्यांचा. मी म्हणालो, एवढ्यात मिरजेचा कातारी अख्ख्या सोसायटीला लाटणी करून देईल. सून म्हणाली, "बाबा, याला लाटणं चोखायला देऊ का मग?" गप्प बसलो.

पहिले पाच महिने बोलायला जागा नव्हती. बदक आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराच्या मोझॅकवर रोज इतकं फिरलं, की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. चाक निखळलं नाही, खिळा वर आला नाही. त्याआधी बारशात आलेलं बॅटरीवरचं माकड दीड महिन्यात मुकं झालं होतं. सेल बदलले, तारा तपासल्या, उपयोग शून्य. भंगारवाल्यानंही हातात घेऊन परत दिलं. प्लॅस्टिक, तार, स्पीकर, लव सगळं एकात एक, वेगळं कोण करत बसणार? ते अजून माळ्यावर आहे.

मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. घरात व्हर्नियर आहे आणि वेळही आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात अख्खा बसेल असा सुटा भाग चालत नाही. संचातलं सगळं मोजलं. सर्वांत धाकटी रिंग ४१ भरली. पास. व्हर्नियर नसेल तर जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी शोधा, तिचं तोंड जवळजवळ तेवढंच असतं. जे तिच्यात पडेल ते बाळाच्या हातात नको. या हिशेबात माझ्या आईचे सागरगोटे नापास झाले (१९), चिंचोक्यांचं तर नावच नको. दोन्ही फडताळात वर गेले. पोरगा शाळेत जायला लागला की काढू.

इथवर मी चार तारे देऊन मोकळा झालो असतो. मग चैत्रात लाल रिंग चिकट झाली.

इतर सहा रिंगा ठीक, फक्त लाल. एका बाजूला तिची चकाकी गेली होती आणि तिथं पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला सुटतं तसं काहीतरी सुटलं होतं. अंगठा दाबला तर ठसा उमटला. त्यात सतरंजीचे दोन धागे रुतलेले. कडेला पांढुरकं धुकं आल्यासारखं, आणि एका ठिकाणी तर रंग जाऊन खालचं फिकट लाकूड दिसत होतं. एवढंही चाललं असतं, पण बाळाचा तळहात गुलाबी झाला होता. आणि हा हात दिवसभर तोंडात.

माझं डोकं फिरलं. डबा उलटासुलटा करून पाहिला, आयएसआयची खूण नाही. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची आहे. खूण असली की वर आयएसचा क्रमांक आणि खाली परवाना क्रमांक असतो, ज्यांना तपासायचं त्यांनी तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) अ‍ॅपवर टाकून पाहावा. इथं तर खूणच नाही! विक्रेत्याला सहा फोटो काढून मेल टाकला, दोन फोटोंत शेजारी व्हर्नियर ठेवून. तीन दिवसांनी उत्तर आलं की ही हस्तकलेची वस्तू आहे, प्रत्येक नगात थोडाफार फरक असतोच. मी लिहिलं, फरक समजू शकतो, पाक समजू शकत नाही. तीन आठवडे हे चाललं. फोनवरच्या मुलीला आयएसआयबद्दल विचारलं तर दोन शब्दांत उत्तर: "सूट आहे." कसली सूट, कुणी दिली, काही नाही. ती दर वेळी पहिल्यापासून ऑर्डर नंबर विचारायची. शेवटी रागानं एक तारा ठोकला आणि खाली बरंच काही लिहिलं, त्यातलं निम्मं आज इथं पुन्हा लिहिण्यासारखं नाही.

त्याच आठवड्यात हिच्या तंबोऱ्याची जवारी काढायला मिरजेला गेलो. रिंग खिशातच होती, कारण त्या दिवसांत भेटेल त्याला मी ती दाखवत होतो. सतारमेकर गल्लीतल्या त्या कारागिरालाही दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, रिंग नाकाशी नेली, नखानं जरा उकरली आणि म्हणाले, "साहेब, याला स्पिरिट लागलंय."

मी म्हणालो, शक्यच नाही, लहान मुलाचं खेळणं आहे.

त्यांनी फळीवरची बाटली काढली. तपकिरी, चहाच्या अर्कासारखं काहीतरी आत. "हे काय आहे? चपडा लाख. आम्ही स्पिरिटात विरघळवून भोपळ्याला आणि दांडीला हेच लावतो. लाख पाण्याला दाद देत नाही पटकन, पण स्पिरिट लागलं की झाली मऊ. घरात कुणी सेंट-बिंट सांडलं का?"

घरी आलो. चौकशी केली. हिनं सहज सांगितलं, "अहो, फाल्गुनात बाळाला ताप येऊन गेला नाही का, तेव्हापासून रोज रात्री खेळणी सॅनिटायझरनं पुसते मी. लाल रिंग सारखी तोंडात असते त्याच्या, ती दोनदा पुसते."

सॅनिटायझर म्हणजे सत्तर टक्के अल्कोहोल. म्हणजे रोज रात्री आम्ही त्या रिंगेचं पॉलिश उतरवत होतो, लाडक्या रिंगेचं दुप्पट. आणि हा सॅनिटायझर अजून घरात कसा? तर २०२० मध्ये लिटरमागे स्वस्त पडतो म्हणून कुणीतरी पाच लिटरचा कॅन आणून ठेवला होता, तो संपत नव्हता. कुणी आणला होता ते हिनं विचारलं. मी अंघोळीला गेलो.

मग मात्र बसून सगळं नीट वाचलं, जे मेल करण्याआधी करायला हवं होतं. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवरच्या किड्यांनी सोडलेली राळ. चन्नपट्टणला लेथवर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. ब्रश नाही, थिनर नाही. त्यासाठी वापरतात त्या झाडाला कन्नडमध्ये आले मर म्हणतात. आपल्या सह्याद्रीत हेच झाड काळा कुडा म्हणून उभं असतं. लाख पोटात गेली तरी बिघडत नाही, औषधांच्या गोळ्यांवरही तिचा थर देतात. तिच्यात घातलेला रंग वनस्पतींचा आहे असं डबा म्हणतो, तिथं मला डब्यावर विश्वास ठेवावा लागतो. पण लाखेला स्पिरिट चालत नाही आणि कढत पाणीही चालत नाही. ते पांढरं धुकं बहुधा हिनं एकदा गिझरच्या पाण्यात संच बुडवला त्याचं. ओलं फडकं पिळून पुसायचं, लगेच कोरडं करायचं, एवढीच निगा.

आणि ती "सूट"? खरी निघाली. हस्तकला विभागाच्या विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांच्या अधिकृत उत्पादकांना आयएसआयच्या सक्तीतून वगळलं आहे. चन्नपट्टणला ते मानांकन आहे. म्हणजे फोनवरची मुलगी बरोबर होती, मी चूक. ती दोन वाक्यं जास्त बोलली असती तर माझा रक्तदाब वाचला असता, पण असो.

आता माझी खरी तक्रार. डब्यात चार पानी रंगीत पत्रक आहे. त्यात पृथ्वी आहे, हिरवं पान आहे, कारागिराचा हसरा फोटो आहे, पुढच्या पिढीला आपण काय देणार आहोत हा प्रश्न आहे. "सॅनिटायझर लावू नका" ही ओळ नाही. करोनानंतर ज्या देशात माणसं दाराच्या कड्याही फवारत होती, तिथं लाखेचं खेळणं विकताना ही ओळ नाही! शिवाय हा सगळा निसर्गस्नेह बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आला. उलगडून मोजलं, पावणेचार मीटर. (ते जपून ठेवलंय, गौरीच्या मुखवट्यांना होईल.)

आषाढात आणखी एक गोष्ट लक्षात आली. मधल्या दांड्याला लाख नाही, तो कोराच ठेवलाय. हवेतली ओल पिऊन तो फुगला आणि खालची रिंग अडकली. दांडा कोरड्या दिवसांत १६.० मिलिमीटर होता, आता १६.२. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला, निघाली.

या सगळ्या प्रकरणात मला हुरूप आला की आपणच काही करावं. आंब्याच्या फळीचे तुकडे होते, त्यांचे बारा ठोकळे कापले. ऐंशी, एकशे वीस, दोनशे वीस अशा नंबरांचा पॉलिश पेपर मारला, कडा गोल केल्या. रंगाला सांगलीची हळद, आणि काय लागतं? सहा ठोकळे हळदीच्या पाण्यात उकळले, सुरेख पिवळे झाले. हिनं (सॅनिटायझर आता बंद, म्हणून) ते कपड्याच्या साबणानं धुतले. दुपारी पाहतो तर ठोकळे कुंकवात बुडवल्यासारखे लालसर. हळदीचं असंच आहे, साबणाचा खार लागला की ती लाल होते. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. नातवाला फरक पडला नाही. आठ दिवस गॅलरीत उन्हात राहिल्यावर ते ना पिवळे राहिले ना लाल. सध्या गव्हाळ आहेत.

उरलेल्या सहांना जवसाचं तेल लावलं. घाण्याचं कच्चं तेल घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं "बॉइल्ड" नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार असतात. कच्चं वाळायला आमच्याकडे अठरा दिवस लागले. शेंगतेल चालणार नाही, ते वाळत नाही, खवट होतं. आणि तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं पसरून वाळवा. हे मी दोनदा सांगतोय असं समजा.

हिशेब: फळी फुकट, पॉलिश पेपर साठ रुपये, तेल शंभराच्या आत, माझी मजुरी धरलेली नाही. सून म्हणते ती धरली तर चन्नपट्टण स्वस्त पडतं.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल आणले होते, एका जोडीचे वीस रुपये. पूजेनंतर नातवानं त्यांना रिंगांच्या मनोऱ्याशी झुंजवलं. एकाचं शिंग गेलं, दुसरा दोन दिवसांनी पोटात चिरला. दोघांना कुंडीत टाकलं, पहिल्याच पावसात विरघळले. माळ्यावरच्या माकडाला हे जमलेलं नाही.

लाल रिंग परवा मिरजेहून परत आली. त्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी लाख चढवून दिली, किंचित काळपट लाल, सतारीसारखी चकाकते. पन्नास रुपये घेतले. स्पिरिट पूर्ण उडायला आठवडाभर वर ठेवा म्हणाले, ठेवली आहे. नातू रोज तिच्याकडे बोट दाखवून ओरडतो.

म्हणजे संच मला १,९०० ला पडला. साडेतीन तारे देतो. पत्रकात ती एक ओळ छापा, फोटो पाठवा, चार करतो.