जुनी डबल बार बंदूक आणि संभाजीनगरचं ते दुकान

बंदूक घ्यायची म्हटलं की आमच्या कन्नड तालुक्यात जो तो एकच सांगतो, "कमी वापरलेली बघा." मला हे अजिबात पटत नाही. आमच्या भागातल्या बंदुका बार काढून खराब होत नाहीत, पडून राहून होतात. चामड्याच्या खोळीत घालून वर्षानुवर्षं कपाटात उभी ठेवतात, आणि ते चामडंच ओल धरतं. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची. लोकसभा, विधानसभा, झेडपी, काही ना काही चालूच असतं. पावसाळ्यात जमा झालेली बंदूक परत मिळते तेव्हा नळीत गंजाची लाल पूड असते. बाहेरून मात्र ती नवीकोरी. अशा "न वापरलेल्या" बंदुकीपेक्षा ज्या माणसानं हजारो बार काढले आणि दर वेळी नळीतून तेलाचा फडका फिरवला, त्याची बंदूक मी डोळे झाकून नाही, पण उघड्या डोळ्यांनी नक्की घेईन.

तशीच घेतली. छत्रपती संभाजीनगरातल्या एका जुन्या परवानाधारक दुकानातून. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम, बारा बोअर, शेजारी-शेजारी दोन नळ्या, हॅमरलेस म्हणजे घोडे बाहेर न दिसणारी, इजेक्टरवाली म्हणजे रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारी. मूळ मालक जालना जिल्ह्यातले. घरात तीन हत्यारं होती. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात, म्हणून तिसरं दुकानात आलं. वाड्यावाड्यांतून चांगल्या जुन्या बंदुका बाहेर पडल्या त्या याच कायद्यामुळं.

दिसायला ती थकलेली आहे, हे आधीच सांगतो. दस्त्यावरची जाळीची नक्षी अंगठ्याखाली पुसून सपाट झालीय. डावा हात जिथं धरतो तिथलं ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर, पार उडून पांढरं लोखंड दिसतं. दुकानदारांनी ते झाकलं नव्हतं, आणि माझा विश्वास तिथंच बसला. याआधी दुसऱ्या एका दुकानात पॉलिश मारून चकचकीत केलेली डबल दाखवली होती. नळ्या उतरवून दाखवा म्हटलं तर "घ्यायची असेल तरच उघडतो" हे उत्तर मिळालं. मी पायऱ्या उतरलो.

इथं मी काही म्हणायच्या आत दुकानदार काकांनी पुढचं लाकूड काढलं, दस्ता माझ्या काखेत दिला आणि म्हणाले, "नळ्या हलवून बघा." हलल्या नाहीत. मग नळ्या जिथं मागच्या फळीला टेकतात तो सांधा उजेडासमोर धरला, फट दिसली नाही. जास्त वापरलेली डबल आधी या सांध्यात सैल होते, आणि हे काम दुरुस्तीला महाग पडतं. नंतर नळ्या सुट्या करून खालच्या हुकाला दोरी अडकवली, टांगल्या आणि लाकडी मुठीनं हलकेच टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला. दोन नळ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीचा डाक सुटला असता तर भद्द आवाज आला असता. उजव्या नळीत तोंडाजवळ गंजाचे बारीक खड्डे आहेत. ते त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवले.

सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर, मुकुटाखाली बीएनपी हा ठसा आहे. म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी ती बर्मिंगहॅमला तपासली गेलीय. त्याच्या शेजारी अडीच इंचाचा आकडा, म्हणजे चेंबर, काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरचं. ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं, माणूस फसतो तो इथंच. काडतुसाचं तोंड उडाल्यावरच उघडतं. त्याला जागा पुरली नाही की दाब भलताच वाढतो. काकांनी बिलावर लाल शाईनं लिहून दिलं: "फक्त ६५." एवढ्यासाठीही मी या दुकानाला पूर्ण गुण देतो.

कागदपत्रं चोख. बंदुकीचा नंबर बिलावर, त्यांच्या नोंदवहीत आणि माझ्या परवान्यावर माझ्यासमोर ताडून लिहिला. काही जण दुकान टाळून थेट मालकाकडून घेतात. कायद्यानं तेही चालतं, पण १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणं विकणाऱ्यानं कलेक्टरला किंवा ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. गौताळा अभयारण्याच्या आजूबाजूच्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वन खात्याकडंही नोंद करावी लागते. नवा परवाना तर त्यांच्या संमतीशिवाय मिळतच नाही. आणि हातात परवाना आहे म्हणून रोह्यावर (नीलगायीवर) किंवा रानडुकरावर नेम धरता येत नाही, त्याची परवानगी वेगळी. मक्यात कळप घुसला तर हवेत एक बार पुरतो.

आता उणं. १,४०,००० सांगितले आणि तेवढेच घेतले, घासाघीस नाही. परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळं इंग्लिश नावाला भाव चढलाय. तिला एवढा पैसा मोजताना हेही धरा की वेब्लीनं शॉटगन बनवणं १९७९ लाच थांबवलं, सुटे भाग कुठून येणार? डाव्या नळीचा इजेक्टर काडतूस अर्धवट फेकतो. स्प्रिंग मिस्त्रीलाच हातानं घडवावी लागेल, आणि त्यांचा मिस्त्री कधी येतो ते फोन करूनच कळतं. ६५ ची काडतुसंही दर खेपेला मिळतील असं नाही. नुसती राखणीला हवी असेल तर सरकारी ऑर्डनन्स कारखान्याची साधी एकनळी घ्या, निम्म्याहून कमी पैशांत काम भागतं.

जाताना परवान्याची मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर ते कपाट उघडत नाहीत. आणि दुपारी जा. नळीतले खड्डे ट्यूबलाइटखाली नीट दिसत नाहीत, दारातला उजेड लागतो.