यर्टमध्ये राहायचं, तर परमिट कुठलं? अमेरिकेतल्या चार वाटा

अमेरिकेत गावाबाहेर चार-दहा एकर जमीन घ्यायची, तिच्यावर यर्ट, म्हणजे गोल तंबूवजा घर, उभारायचं आणि घराच्या हप्त्यांतून सुटायचं, असा बेत ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हा आढावा. बहुतेक जण सुरुवात यर्टच्या कॅटलॉगपासून करतात. व्यास किती, घुमटाची काच उघडते का, दार फ्रेंच की साधं, यावर बरीच चर्चा झडते आणि परमिटचा विषय शेवटी निघतो. हा क्रम उलटा करा. एकाच कारखान्यातलं, एकाच मापाचं यर्ट एका काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घर ठरतं, दुसऱ्या काउंटीत तंबू ठरतं आणि तिसरीकडे त्याबद्दल कुणी विचारतही नाही. त्यामुळे आधी काउंटी निवडायची, मग जमीन आणि मग यर्ट.

तीन खिडक्या वेगवेगळ्या असतात, हे आधी लक्षात घ्या. झोनिंगवाले विचारतात, या जमिनीवर कुणी राहू शकतं का? बिल्डिंग खातं विचारतं, ही इमारत राहण्याजोगी आहे का? आणि आरोग्य खातं विचारतं, सांडपाणी कुठे जाणार? महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, मग एनएचं प्रकरण सुरू होतं. इथे जमीन सहसा कुणालाही मिळते, पण ‘एनए’सारखा प्रश्न झोनिंगच्या रूपाने समोर येतोच. एका खिडकीवर होकार मिळाला म्हणून बाकी दोन खिडक्या आपोआप उघडत नाहीत.

रीतसर घर म्हणून

बहुतेक राज्यांनी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे आयआरसी, ही घरबांधणीची नियमावली थोडेफार बदल करून स्वीकारली आहे. नावात ‘इंटरनॅशनल’ असलं तरी हा मुख्यतः अमेरिकी कोड. त्यात यर्टसाठी स्वतंत्र प्रकरण नाही. पण ‘पर्यायी साहित्य आणि पद्धती’ असं एक कलम आहे: तुमची रचना कोडइतकीच सुरक्षित आहे हे दाखवलंत, तर अधिकारी ती मंजूर करू शकतो. दाखवायचं म्हणजे परवानाधारक इंजिनिअरच्या शिक्क्याची आकडेमोड जोडायची. यर्टची रचना मुळात हुशारीची आहे. भिंतीला लाकडी जाळी, वर वासे, मधोमध वाशांना धरणारं कडं आणि भिंतीच्या माथ्यावरून फिरवलेली पोलादी तार. वासे बाहेर ढकलतात, तार त्यांना आवरते. जास्त बर्फाच्या भागात प्रत्येक वाशाखाली उभे खांब द्यावे लागतात. नामांकित उत्पादक तुमच्या जागेचा बर्फाचा आणि वाऱ्याचा भार धरून कागद तयार करून देतात, त्यामुळे मजबुतीवर सहसा गाडं अडत नाही.

घोडं पेंड खातं ते उष्णतेच्या रोधावर. थंड प्रदेशांत कोड भिंतीला साधारण आर-२० आणि छताला आर-४९ किंवा त्याहून जास्त मागतो (‘आर’ हे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तितका रोध जास्त). कापडी यर्टमधलं चकचकीत फॉइलचं अस्तर त्याच्या जवळपासही जात नाही. जाहिरातीतला आर-आकडा अस्तरापुढची हवेची पोकळीही धरून मोजलेला असू शकतो, तेव्हा तो इन्स्पेक्टरसमोर ठेवताना जपून. काही जण आतून दुसरी भिंत उभारून तिच्यात इन्सुलेशन भरतात. ते चालतं, पण मग कापड कशासाठी घेतलं, हा प्रश्न उरतो.

बाकीच्या अटी पाळण्याजोग्या आहेत. झोपायच्या जागेतून आगीच्या वेळी बाहेर पडता येईल असं किमान ५.७ चौरस फुटांचं उघडणारं तावदान, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, खोली ६८ अंश फॅरनहाइटपर्यंत गरम ठेवणारी सोय, संडास, बाथरूम आणि स्वयंपाकघरातलं सिंक. कापडी खिडकीची चेन ओढून बाहेर पडता येतं, हा युक्तिवाद काही ठिकाणी मान्य होतो, काही ठिकाणी नाही. फ्रेंच दार बसवलं की वाद मिटतो.

२०१८ च्या आयआरसीत ‘परिशिष्ट क्यू’ आलं. ४०० चौरस फुटांपर्यंतच्या लहान घरांना त्यात छताची उंची, माळा आणि जिन्याच्या बाबतीत सवलती आहेत. २० फुटी यर्ट ३१४ चौरस फुटांचं होतं, म्हणजे या मर्यादेत आरामात बसतं. २४ फुटी ४५२ चौरस फुटांचं, म्हणजे बाहेर. मात्र परिशिष्ट राज्याने किंवा काउंटीने वेगळं स्वीकारलेलं असावं लागतं, आणि इन्सुलेशनच्या अटीतून ते सूट देत नाही.

कॅलिफोर्नियात आणखी एक अडचण आहे. वणव्याचा धोका असलेल्या पट्ट्यात नव्या घराच्या बाहेरच्या भिंती आणि छप्पर ठिणग्यांना दाद न देणारं लागतं. यर्टचं कापड ज्वालारोधक असतं, पण तो तंबूच्या कापडाचा निकष झाला, घराच्या भिंतीचा नव्हे. तिथे माझं मत सरळ आहे: कापडाचा नाद सोडा आणि पक्क्या भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं गोल घर बांधा.

एवढं सगळं करून पदरात काय पडतं? भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला आपण ओसी म्हणतो. ते असलं की विमा कंपनी आणि बँक निदान बोलायला तयार होतात. कापडी यर्टला सरळ गृहकर्ज देणाऱ्या बँका तरीही विरळाच. आणि उद्या विकायची वेळ आली, तर कागदोपत्री ते घर असतं, कुणाच्या जमिनीवर उभा राहिलेला तंबू नव्हे.

मालकाने स्वतःसाठी बांधायची सवलत

ही वाट फार थोड्यांना माहीत आहे, आणि मला ती सगळ्यात विचार करण्याजोगी वाटते. कॅलिफोर्नियाच्या राज्य नियमांत ग्रामीण भागात मालकाने स्वतःला राहण्यासाठी बांधलेल्या घरांचा वेगळा गट आहे. तो लागू करायचा की नाही हे काउंटी ठरवते. बे एरियातून उत्तरेला काही तासांवरच्या मेंडोसिनो काउंटीत त्याला ‘क्लास के’ म्हणतात. साहित्य, खोल्यांची मापं, उष्णतेची सोय यांत ढिलाई मिळते. सेप्टिकमध्ये नाही. अग्निशमन खात्याच्या रस्त्याच्या रुंदीच्या आणि पाण्याच्या टाकीच्या नियमांतूनही सुटका नाही. आणि घर स्वतःसाठी असायला हवं. बांधून लगेच भाड्याने द्यायचा विचार असेल, तर ही वाट तुमची नाही.

तिच्या शेजारी ॲरिझोनाची कोचीस काउंटी ठेवून बघा. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या या काउंटीत चार एकर किंवा त्याहून मोठ्या ग्रामीण प्लॉटवर मालक स्वतः बांधणार असेल, तर बिल्डिंग कोडच्या तपासण्यांतून रीतसर बाहेर राहण्याचा पर्याय मिळतो. परमिट घ्यावंच लागतं, प्लॉटच्या हद्दीपासूनचं अंतर आणि सेप्टिक तपासलं जातं, पण वासे किती जाड हे कुणी मोजायला येत नाही. क्लास केमध्ये कोड सैल होतो, इथे तो जवळजवळ बाजूलाच राहतो.

मग कोचीसच का घेऊ नये? कारण पाणी. विलकॉक्सच्या खोऱ्यात मोठ्या शेतांच्या उपशामुळे भूजल खूप खाली गेलं आहे आणि कोरड्या पडलेल्या विहिरी तिथे नवलाच्या नाहीत. मराठवाड्यात बोअर आटताना पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जमीन स्वस्त दिसली की आधी शेजारच्या विहिरींची खोली विचारा. शिवाय उन्हाळ्यात कापडी यर्ट तापतं. घुमट उघडला तर गरम हवा वर निघून जाते, पण दुपारी तेवढ्याने भागत नाही.

कोड नसलेली गावं

पूर्व किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी ही वाट जास्त जवळची. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये कोड राज्यभर लागू आहे, तिथे पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका. मेन राज्यात मात्र ४,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांवर राज्याचा बिल्डिंग कोड राबवण्याची सक्ती नाही, आणि मेनमधली बहुतेक गावं तशीच छोटी आहेत. अमेरिकेत यर्टचं वेड पसरवणाऱ्यांपैकी बिल कोपरथ्वेट याच राज्यात, मचायसपोर्टजवळ रस्ता नसलेल्या जागी, स्वतः बांधलेल्या बहुमजली लाकडी यर्टमध्ये राहत. हा योगायोग नसावा.

पण कोड नाही म्हणजे नियम नाहीत, असं समजू नका. मेनमध्ये तलाव, नदी किंवा समुद्राच्या काठापासून २५० फुटांच्या पट्ट्यात वेगळे, कडक नियम आहेत, आणि तलावाकाठची जागा सगळ्यांनाच हवी असते. गाव म्हणून संघटितच नसलेल्या विस्तीर्ण जंगलपट्ट्यात परवाना राज्याच्या आयोगाकडून घ्यावा लागतो. यर्टवाल्यांना तिथे एक मोठी सोय आहे: नळाचं पाणी आत न आणता हाताने वाहून आणणार असाल, तर साध्या खड्ड्याच्या संडासालाही परवाना मिळू शकतो. सेप्टिकचा खर्च वाचतो. घरातल्या ज्येष्ठांना जानेवारीत रात्री बाहेर जावं लागेल, हा हिशोब मात्र ज्याने त्याने करावा.

व्हरमाँटचं चित्र वेगळं. मालक स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घराला तिथे राज्याचा बिल्डिंग कोड लागत नाही. गावाची झोनिंग परवानगी आणि ऊर्जेचे निकष आहेतच. शिवाय सांडपाणी आणि पिण्याचं पाणी या दोन्हींसाठी राज्याचं परमिट लागतं. कंपोस्ट टॉयलेट बसवलं तरी सिंक आणि अंघोळीच्या पाण्याचं काय, हा प्रश्न राहतोच. थोडक्यात मेन ढिलं, व्हरमाँट पाण्याच्या बाबतीत काटेकोर. त्या बदल्यात व्हरमाँटचा कागद हातात असला की जागा विकताना त्रास कमी होतो.

टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर काउंटीला झोनिंगचा सर्वसाधारण अधिकारच नाही. १० एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवर एका कुटुंबाच्या घराला, ठरावीक अटींवर, सेप्टिक परमिटमधूनही सूट मिळू शकते. ह्यूस्टन-ऑस्टिनकडच्यांना हे ऐकून आनंद होईल. पण प्लॉट पाडून विकलेल्या जमिनींच्या खरेदीखतात खाजगी अटी असतात: तंबू नको, अमुक चौरस फुटांपेक्षा लहान घर नको. सरकार विचारणार नाही, पण शेजारी कोर्टात खेचू शकतो. खत ओळन् ओळ वाचा.

तात्पुरतं किंवा जोड बांधकाम म्हणून

या वाटेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ‘२०० चौरस फुटांपर्यंत परमिट लागत नाही’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. आयआरसीतली ती सूट सुट्या, एकमजली शेडसाठी, म्हणजे अवजारं आणि सामान ठेवायला आहे, राहण्यासाठी नाही. कॅलिफोर्नियात तर ती मर्यादा १२० चौरस फूट आहे. गंमत म्हणजे १६ फुटी यर्ट भरतं २०१ चौरस फूट, सवलतीला एका चौरस फुटाने मुकणारं. १२ फुटी ११३ फुटांचं, म्हणजे कॅलिफोर्नियातही बसतं, पण त्यात संसार नव्हे, फार तर ऑफिस किंवा योगाची खोली होईल. १८० दिवसांपेक्षा कमी काळ उभ्या राहणाऱ्या तंबूंना तात्पुरती बांधकामं म्हणून वेगळी वागणूक मिळते. दर सहा महिन्यांनी यर्ट उतरवून पुन्हा उभारण्याची शक्कल त्यातूनच निघते. झोनिंगवाले मात्र बांधकामाचे नाही, राहण्याचे दिवस मोजतात.

ऑरेगनचं उदाहरण बोलकं आहे. आधुनिक कापडी यर्टचा मोठा कारखाना १९७८ पासून याच राज्यातल्या कॉटेज ग्रोव्हमध्ये आहे आणि १९९३ पासून राज्य उद्यानांत यर्ट भाड्याने मिळतात. तरीही तिथल्या शेतजमिनीवरच्या खाजगी कॅम्पग्राउंडच्या नियमात यर्ट म्हणजे नळ, सांडपाण्याची जोडणी आणि आत स्वयंपाकाचं उपकरण नसलेला गोल तंबू. खाली पक्कं जोतं चालत नाही. एकूण जागांपैकी एक तृतीयांश किंवा १०, यांतली जी संख्या कमी असेल तेवढ्याच जागांवर यर्ट, आणि पाहुण्याचा मुक्काम सहा महिन्यांत ३० दिवसांपर्यंत. त्याच प्रकारच्या शेतजमिनीवर स्वतःचं घर हवं असेल, तर उत्पन्नाच्या कसोटीवर वर्षाला ४०,००० किंवा, जमीन सुपीक असल्यास, ८०,००० डॉलरचं ढोबळ शेती उत्पन्न दाखवावं लागतं. सुट्टीत ऑरेगनच्या किनाऱ्यावर यर्टमध्ये राहून हरखून गेलेल्यांनी तिथेच शेतजमीन शोधण्याआधी हे वाचावं.

आधीच घर असलेल्या जागेवर पाहुण्यांसाठी, स्वयंपाकघराशिवाय यर्ट हवं असेल, तर मात्र हीच वाट सगळ्यात सोपी.

मग कुणी काय निवडावं?

बारमाही राहायचं, मुलं लहान, पुढे विकण्याची शक्यता: पहिली वाट, आणि तीही पक्क्या भिंतींच्या गोल घराने. कॅलिफोर्नियात राहून स्वतःच्या हातांनी बांधायची हौस आणि वेळ असेल, तर क्लास के. पूर्वेकडे वीकेंड आणि उन्हाळ्यासाठी जागा हवी असेल, तर मेनमधलं छोटं गाव, काठापासून लांब. कोचीस मी फक्त पाण्याची खात्री झाल्यावरच सुचवेन. (वास्तुशास्त्र मानणाऱ्यांना ईशान्य कोपरा यातल्या कुठल्याच वाटेवर सापडणार नाही.)

वाट कुठलीही असो, काउंटीत फोन करताना ‘यर्टला परमिट मिळेल का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. विचारायचं ते असं: या पार्सल नंबरवर (म्हणजे जमिनीच्या गट नंबरवर) राहतं घर चालतं का, इंजिनिअरच्या शिक्क्याची पर्यायी रचना तुम्ही तपासता का, आणि तुमच्या काउंटीत याआधी यर्टला ओसी दिली आहे का. उत्तरं ईमेलवर मागा. खिडकीवरचा माणूस बदलला की तोंडी होकारही बदलतो.

जमिनीच्या ऑफरमध्ये एक अट न चुकता घाला: पर्क टेस्ट, म्हणजे माती पाणी किती वेगाने शोषते याची चाचणी, पास झाली तरच सौदा पक्का. चिकणमाती किंवा उथळ खडक निघाला, तर साधं सेप्टिक बसत नाही आणि पर्यायी यंत्रणेचा खर्च कधी कधी यर्टच्या किमतीला टेकतो. विकणारा ही अट मान्य करत नसेल, तर त्याला ती माती आधीपासून माहीत असण्याची शक्यता धरून चाला.