के ३८० कीबोर्ड आणि एम ७२० माऊस: विंडोज, मॅक, उबुंटू एकाच टेबलावर

हिंजवडीच्या कंपनीचा विंडोज लॅपटॉप, घरचा मॅक आणि उबुंटू ही लिनक्स सिस्टीम टाकलेलं एखादं जुनं मशीन. पुण्यात आयटीवाल्यांच्या घरी टेबलावर हे तिन्ही दिसणं आता नेहमीचंच आहे. अशा टेबलासाठी लॉजिटेकचा के ३८० कीबोर्ड (२०१५) आणि एम ७२० ट्रायथलॉन माऊस (२०१६) ही जोडी जुनी असली तरी अजून घेण्यासारखी आहे. दोन्ही तीन-तीन मशीनना जोडता येतात. कीबोर्डला दोन ट्रिपल-ए आणि माऊसला एक डबल-ए सेल लागतो. दोन्हींचे सेल २४ महिन्यांपर्यंत चालतात, असं कंपनी सांगते.

जोडणी सोपी आहे. कीबोर्डवर एफ१, एफ२ किंवा एफ३ तीन सेकंद दाबून धरा. दिवा भराभर लुकलुकायला लागला की मशीनच्या ब्लूटूथ यादीत नाव दिसतं. स्क्रीनवर आकडे आले तर ते याच कीबोर्डवर टाइप करून एंटर मारायचं. माऊसवर अंगठ्याजवळचं बटण दाबून १, २ किंवा ३ निवडा आणि मग तेच बटण दाबून धरा. विंडोज दोन्हींवर १, मॅक दोन्हींवर २, असे आकडे जुळवूनच ठेवा, कारण मशीन बदलताना कीबोर्ड आणि माऊस वेगवेगळे बदलावे लागतात. एका बटणात दोन्ही जात नाहीत, ही या जोडीची सर्वांत मोठी उणीव.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही असतील तर दोघांना वेगळे नंबर द्या. ब्लूटूथची किल्ली, म्हणजे जोडणीच्या ओळखीचा गुप्त कोड, प्रत्येक सिस्टीम स्वतःपुरती ठेवते. एकाच नंबरवर उबुंटूत जोडणी केली की विंडोजची जोडणी तुटते, आणि माणसाला वाटतं कीबोर्डच बिघडला.

खरा घोळ कीच्या जागांचा. स्पेसबारला लागून असलेल्या कीवर ऑल्ट आणि कमांड अशी दोन्ही नावं छापलेली आहेत. ती कोणतं काम करणार, हे कीबोर्डचा मोड ठरवतो. मॅकच्या नंबरवर असताना एफएन आणि ओ तीन सेकंद दाबा. विंडोज किंवा उबुंटूच्या नंबरवर एफएन आणि पी. मोड चुकला की मॅकवर कमांड एक घर डावीकडे सरकते आणि कॉपी-पेस्टला बोट चुकतं. मग बरेच जण मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये, मॉडिफायर कीजमध्ये जाऊन कमांड आणि ऑप्शनची अदलाबदल करतात. पुढे कधीतरी एफएन-ओ दाबलं जातं आणि सगळं पुन्हा उलटं होतं. अदलाबदल एकाच ठिकाणी करा, शक्यतो कीबोर्डवरच, आणि मॅकचं सेटिंग मूळ जागी राहू द्या.

मराठी टायपिंग करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. भाषा बदलायला विंडोजवर विंडोज की आणि स्पेस, उबुंटूवर सुपर (तीच विंडोज की) आणि स्पेस, मॅकवर मात्र कंट्रोल आणि स्पेस. मॅकवर सवयीने कमांड-स्पेस दाबलं की स्पॉटलाइट ही शोधाची पट्टी उघडते. इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांच्या ठरलेल्या जागांचा लेआउट) वापरत असाल तर तिन्हीकडे इनस्क्रिप्टच लावा. एकीकडे फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचं) आणि दुसरीकडे इनस्क्रिप्ट ठेवलं तर हात कुठेच बसत नाही. विंडोजमध्ये इंग्रजीसाठी चुकून युनायटेड किंगडमचा लेआउट आला असेल तर @ आणि " यांच्या जागा बदलतात, तो काढून इंग्लिश (इंडिया) ठेवा. त्यात उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ मिळतो.

माऊसचा वेग प्रत्येक सिस्टीमवर वेगळा वाटतो तो अ‍ॅक्सिलरेशनमुळे. हात भरभर हलवला की पॉइंटर प्रमाणापेक्षा पुढे जातो, तो हा प्रकार. विंडोजमध्ये माऊसच्या जादा सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढा, मॅकवर माऊसच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पॉइंटर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, उबुंटूवर ट्वीक्स या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्लॅट’ निवडा. मग मोजून जुळवा. एम ७२० हा १००० डीपीआयचा माऊस आहे, म्हणजे इंचभर हलवला की १००० पायऱ्या मोजतो. विंडोजचा वेग २० पैकी १० वर ठेवला की १९२० पिक्सेलची स्क्रीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला साधारण ४.९ सेंटिमीटर लागतात. टेबलावर फुटपट्टी ठेवून बाकी दोन सिस्टीमचे स्लायडर याच अंतरावर आणा. अंदाजाने स्लायडर हलवत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

स्क्रोलची दिशाही मॅकवर त्रास देते. ‘नॅचरल स्क्रोलिंग’ हे सेटिंग ट्रॅकपॅड आणि माऊस दोघांना मिळून एकच आहे. माऊससाठी बंद केलं की ट्रॅकपॅडचंही बंद होतं. स्क्रोल रिव्हर्सर हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की दोन्ही वेगळे ठेवता येतात. उबुंटूत ही सोय मुळातच आहे.

लॉजिटेकचं ऑप्शन्स प्लस हे सेटिंगचं सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकवर वेगवेगळं टाकावं लागतं, उबुंटूसाठी ते नाहीच, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर त्याला बहुधा परवानगी नसते. म्हणून वरची सगळी जुळवाजुळव त्याच्याशिवायची सांगितली.

ही जोडी कोणी घेऊ नये? जीएसटी आणि टॅलीवर दिवसभर आकडे मारणाऱ्यांनी, कारण नंबरपॅड नाही. रात्री अंधारात काम करणाऱ्यांनी, कारण कीमागे उजेड नाही. आणि डावखुऱ्यांनी हा माऊस घेऊ नये, त्याचा आकार उजव्या हाताचाच आहे. लॅपटॉप सुरू होताना बिटलॉकरचा (विंडोजच्या डिस्क-कुलपाचा) पिन विचारत असेल तर तो लॅपटॉपच्याच कीबोर्डवर टाकावा लागेल. तेव्हा ब्लूटूथ चालू झालेलं नसतं. झाकण बंद करून मॉनिटरला लावून ठेवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

कंपनीने ब्लूटूथच बंद केलं असेल तर के ३८० तिथे चालणार नाही, कारण त्याला यूएसबीत लावायचा रिसीव्हर नाही. तापकीर गल्लीत किंवा कुठेही घ्यायला जाताना ऑफिसचा लॅपटॉप सोबत न्या, दुकानातच जोडून पाहा, आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.