क्लिनिकलमध्ये रेटिंग स्केल: दोन सेमिस्टर वापरल्यानंतर

आधी मत सांगते, कारणं मागाहून. क्लिनिकल पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम करत शिकताना, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं काम जोखायला रेटिंग स्केल (पायऱ्यांची मोजपट्टी) वापरा, जरूर वापरा. पण 'उत्कृष्ट, चांगले, बरे, असमाधानकारक' अशा चार चौकटी आणि शेजारी गुणांची लांबलचक यादी, असा जो फॉर्म कॉलेजच्या कपाटात वर्षानुवर्षं झेरॉक्स होत असतो, तो आहे तसा वापरणार असाल तर डोळे मिटून मार्क दिलेत तरी चालेल. निदान वेळ वाचेल.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या मुलामुलींना मेडिकल-सर्जिकलचं क्लिनिकल शिकवते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २०२१चा सुधारित अभ्यासक्रम आला, वार्षिक पद्धत जाऊन सेमिस्टर आली आणि इंटर्नल मार्कांचा तगादा दुप्पट झाला. पोस्टिंग संपतं न संपतं तोच मार्क मागायला ऑफिसमधून माणूस दारात. मग आम्ही काही जणींनी जुना फॉर्म बाजूला ठेवून स्वतःची स्केल तयार केली आणि मेडिसिन, सर्जरी आणि थोडे दिवस ऑर्थो अशा वॉर्डांत ती वापरली.

जुन्या फॉर्मबद्दल सगळ्यात जास्त खटकायचं ते असं, की आपण नर्सेस रुग्णाला जोखताना अतिशय काटेकोर असतो. रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणारी ग्लासगो कोमा स्केलच घ्या. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही स्केल फर्स्ट इयरची मुलगीसुद्धा तोंडपाठ म्हणते: डोळ्यांना चार, बोलण्याला पाच, हालचालीला सहा, एकूण कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पंधरा. चार्टवर डोळ्यांपुढे २ लिहिलं की नाइटच्या सिस्टरला कळतं, हाक मारून डोळे उघडले नाहीत, वेदना दिल्यावर उघडले. आकड्यामागे डोळ्यांना दिसलेलं काहीतरी असतं. आणि तो चार्ट बाजूला सारून त्याच टेबलावर आपण विद्यार्थिनीच्या फॉर्मवर लिहितो, 'प्रोसिजर स्किल: ४'. चार म्हणजे काय पाहिलं? दुसऱ्या मॅडम तिथे ३ लिहितात, त्यांनी काय पाहिलं? याचं उत्तर फॉर्मवर कुठेच नसतं. 'मॅडम, मला तीनच का?' या प्रश्नाला मग 'अजून सुधारायला हवं' असं एक गुळमुळीत वाक्य आपल्याकडे उरतं.

नवी स्केल करताना आम्ही आधार घेतला तो बॉन्डी यांच्या १९८३च्या पाच पायऱ्यांचा. नर्सिंग शिक्षणात ही मांडणी जुनीच आहे, पण आपल्याकडे पुस्तकात एका परिच्छेदात येते आणि परीक्षेपुरती राहते. तिची गंमत अशी की ती 'किती छान केलं' असं न विचारता 'तुम्हाला मध्ये किती पडावं लागलं' असं विचारते. सुरक्षित आणि अचूक काम, सूचनेशिवाय: स्वतंत्र. अधूनमधून एखादा शब्द पुरला: देखरेखीखाली. वारंवार सांगावं लागलं, कधी हातही लावावा लागला: मदतीने. सतत सांगावं लागलं आणि बऱ्याचदा हात घालावा लागला: काठावर. काम सुरक्षित नाही किंवा जमतच नाही: परावलंबी. मी कितीदा बोलले आणि कितीदा हात घातला हे मला आठवतं. 'छान' किती होतं हे आठवत नाही, ते त्या दिवशीच्या मूडवर असतं.

वॉर्डातलं एक उदाहरण देते. पक्षाघाताच्या एका आजींना रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) फीड, म्हणजे पातळ अन्न, द्यायचं होतं. सकाळी एकीने दिलं, पुढचं फीड दुसरीने. पहिली मुलगी अबोल, हात जरा कापणारे. तिने डोक्याकडची बाजू उचलली, टॉवेल लावला, सिरिंज जोडून ॲस्पिरेट (पोटातला द्रव) काढून पाहिलं आणि माझ्याकडे बघत थांबली. मी एवढंच म्हटलं, 'पुढे?' तिने ट्यूब चिमटीत धरली, सिरिंजचा दांडा काढला, फीड ओतून आपल्या वजनाने जाऊ दिलं, मध्ये हवा जाऊ दिली नाही, शेवटी पाण्याने ट्यूब धुतली आणि आजींना तसंच टेकवून ठेवलं. वेळ लागला, पण माझा शब्द एकच गेला. दुसरी चटपटीत. आजींशी इतकं गोड बोलली की शेजारच्या बेडवरच्या बाईसुद्धा कौतुकाने बघत होत्या. पण बेड सपाटच होता, तो वर करायला मी सांगितलं. ॲस्पिरेटची आठवण मी केली. आणि फीड हळू जातंय म्हटल्यावर तिने दांडा लावून ढकलायला घेतलं तेव्हा मला तिचा हात धरावा लागला.

जुन्या फॉर्मवर दुसरीला 'आत्मविश्वास', 'संवाद', 'नीटनेटकेपणा' या सगळ्यांत भरघोस मिळाले असते आणि त्या लाटेत प्रोसिजरही तरली असती. शितावरून भाताची परीक्षा माणसांच्या बाबतीत फसते ती इथे. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांना वरिष्ठांनी दिलेल्या गुणांत हेच दाखवलं होतं: शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व असे वेगवेगळे गुण विचारले तरी एक ठसा सगळ्यांवर पसरतो. नव्या स्केलवर पहिली मुलगी 'देखरेखीखाली' आणि दुसरी 'मदतीने', म्हणजे एक पायरी खाली. दुसरीला राग आला. मी तिला पायरीचं वाक्य वाचायला दिलं, बेड, ॲस्पिरेट आणि दांडा हे तीन शब्द उच्चारले. वाद तिथेच संपला.

आता ही वाक्यं तयार कशी केली, ते. सगळ्यात जास्त मेहनत यात गेली आणि माझ्या मते खरा फायदाही यातच झाला. १९६३ मध्ये स्मिथ आणि केन्डल यांनी प्रत्यक्ष वर्तनाची उदाहरणं टाकून स्केल बांधायची एक पद्धत मांडली. पुढे ती कंपन्यांच्या एचआर विभागांत गाजली, पण तिचं मूळ काम नर्सेसच्या मूल्यमापनावरचं होतं हे फारसं कुणी सांगत नाही. पद्धत सोपी आहे. एक गट वॉर्डात घडलेले छोटे प्रसंग लिहून काढतो. मग ज्यांनी ते लिहिलेले नाहीत अशा दुसऱ्या गटाला ते दिले जातात आणि विचारलं जातं, हा प्रसंग कोणत्या गुणाचा? बहुतेकांनी तो मूळच्याच खान्यात टाकला तर ठेवायचा. फाटाफूट झाली तर बाद.

आम्ही हे चिठ्ठ्यांवर केलं. स्टाफरूममध्ये टेबलभर चिठ्ठ्या, चहाचे कप, आणि तावातावाने भांडणं. माझी एक लाडकी चिठ्ठी होती: 'नातेवाईक ओरडत होते तरी आवाज चढवला नाही, सिस्टर इनचार्जना बोलावून आणलं.' मी ती 'संवाद'मध्ये लिहिली होती. एकीने 'टीमवर्क'मध्ये टाकली, एकीने 'भावनांवर ताबा'मध्ये, आणि एक जण म्हणाली, 'हे तर जबाबदारी टाळणं झालं, स्वतः बोलायला हवं होतं.' चिठ्ठी बाद. पण त्या वादातून कळलं की 'संवाद' म्हणजे काय यावरच आमचं एकमत नव्हतं, आणि त्याच शब्दावर इतकी वर्षं आम्ही मुलांना मार्क देत आलो होतो. शेवटी 'संवाद'खाली अगदी साधी वाक्यं उरली: प्रोसिजरआधी काय करणार ते रुग्णाला समजेल असं सांगितलं, रुग्णाने विचारलेल्याचं उत्तर दिलं किंवा विचारून येऊन सांगितलं, ऐकू न येणाऱ्याशी समोर जाऊन बोलली. कंटाळवाणी वाक्यं आहेत, पण दोन वेगवेगळ्या मॅडमना एकच गोष्ट दिसते. वाक्यं मराठीत ठेवली, कारण वॉर्डच्या सिस्टरांकडूनही फॉर्म भरून घ्यायचा होता आणि राउंडच्या गडबडीत कुणी परिच्छेद वाचत बसत नाही.

एक गोष्ट स्केलमधून बाहेरच काढली, आणि जो कुणी अशी स्केल करेल त्याला मी हेच सांगेन. रुग्णाची ओळख पटवणं, हात धुणं, औषधाचं लेबल तपासणं, ॲलर्जी विचारणं या गोष्टींना पायऱ्या नसतात. ओळख 'बऱ्यापैकी' पटवली असं काही नसतं. त्यांची वेगळी चेकलिस्ट, हो किंवा नाही. पूर्वी काय व्हायचं, लेबल न वाचता इंजेक्शन भरणारा मुलगा बाकी सगळ्यात उत्तम असला की सरासरीत ही चूक विरघळून जायची. आता यातल्या एकावरही 'नाही' असेल तर बाकीची स्केल त्या दिवशी भरायचीच नाही, प्रोसिजर पुन्हा.

दुसरी छोटी पण फार उपयोगी भर म्हणजे 'संधी मिळाली नाही' असा एक रकाना. हसू येईल, पण माझ्या दृष्टीने फॉर्ममधली सगळ्यात प्रामाणिक जागा तीच. पूर्ण पोस्टिंगमध्ये वॉर्डात एकही ट्रॅकिऑस्टॉमीचा (श्वासासाठी गळ्याला छिद्र केलेला) रुग्ण नव्हता, तरी जुन्या फॉर्मवर 'ट्रॅकिऑस्टॉमी केअर'पुढे सगळ्यांना तीन! रकाना दिल्यावर कुणाला काय मिळालंच नाही ते दिसायला लागलं आणि पुढच्या रोटेशनमध्ये मुलं त्या हिशेबाने लावता आली.

पायऱ्या पाच की चार, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पाच ठेवल्या की मधली पायरी ही आळशी माणसाची खुर्ची होते, शनिवारी दुपारी भरलेले फॉर्म बघा, सगळे तीन. चार ठेवल्या की शंकेच्या जागी लोक वरचीच निवडतात. मी पाचाच्या बाजूने आहे, पण मधल्या पायरीला कारण लिहिणं सक्तीचं. (पाच चौकटी दिसल्या की तिला 'लायकर्ट स्केल' म्हणायची आपल्याकडे सवय आहे. लायकर्टचं १९३२चं काम दृष्टिकोन मोजण्याचं होतं, सहमत-असहमत असं. हाताने केलेल्या कामाला तेच नाव कशाला?)

आता तक्रारी. पहिली वेळेची. माझ्याकडे एका वेळी दहा-बारा मुलं असतात. दहा रुग्णांभोवती विखुरलेली मुलं आणि मी एकटी. स्केल कितीही चांगली असली तरी जे पाहिलंच नाही ते ती मोजू शकत नाही. आठवड्याच्या शेवटी बसून भरली तर शेवटच्या दोन दिवसांचंच आठवतं, म्हणून मी एप्रनच्या खिशात छोटी वही ठेवते. तिथे फक्त नाव, बेड नंबर आणि 'काय बोलावं लागलं' एवढंच. त्याच दिवशी वहीवरून फॉर्म. ज्या दिवशी वही राहिली त्या दिवशीचे रकाने मी रिकामे सोडते.

दुसरी तक्रार मार्कांची. पायरी ही पायरी असते. 'स्वतंत्र'ला ५ आणि 'काठावर'ला २ म्हटलं म्हणून पहिली मुलगी दुसरीच्या अडीचपट चांगली होत नाही. पण युनिव्हर्सिटीच्या शीटवर आकडा जायचा असतो, तेव्हा बेरीज, भागाकार, सगळं करावं लागतं. यावर आमच्याकडे उपाय नाही. फक्त अहवालात सरासरीसोबत सगळ्यात खालची पायरी कोणत्या मुद्द्यावर होती ते लिहितो.

तिसरी तक्रार स्केलची नव्हे, आमचीच. खालची पायरी लिहायला हात धजत नाही. स्कॉटलंडमधल्या कॅथलीन डफी यांचा २००३चा अहवाल याच विषयावर आहे: विद्यार्थी कमी पडतोय हे कळत असूनही वॉर्डात शिकवणारे मेंटॉर नापास करत नाहीत. आपल्याकडे त्यात लांबून आलेली मुलगी, वडिलांनी काढलेलं कर्ज, वर्ष वाया जाण्याची भीती हेही असतं. स्केलने एवढंच झालं की 'काठावर' लिहिताना आधाराला वाक्य मिळालं आणि ते शेवटच्या दिवशी न लिहिता पोस्टिंगच्या मध्यावर लिहिता आलं. सुधारायला आठवडे हातात असताना सांगितलं की मुलीही रडत नाहीत, कामाला लागतात.

मुलांकडून तोच फॉर्म स्वतःसाठी भरून घेणं हा प्रयोग मला सगळ्यात आवडला. माझ्या आणि त्यांच्या पायरीत दोनचं अंतर असेल तिथेच बोलायचं, बाकी सोडून द्यायचं. चटपटीत मुलं स्वतःला वर ठेवतात हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते हे, की अबोल मुली जे काम मला एकही शब्द बोलायला न लावता करतात तिथे 'मदतीने' लिहितात. फीड देणारी ती पहिली मुलगी त्यातलीच.

ही स्केल कुणी घ्यावी? स्किल लॅब आणि वॉर्डातल्या प्रोसिजर शिकवणाऱ्यांनी नक्की. ओएससीईच्या (ठरावीक वेळात एकेका स्टेशनवर काम करून दाखवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या) स्टेशनवर पाच मिनिटांत दोन परीक्षकांना भरायची असेल तर लांब वर्णनं अडचण करतात, तिथे चेकलिस्ट आणि शेवटी एकच एकूण पायरी पुरते. क्लिनिकल विचार जोखायचा असेल, म्हणजे मुलीला रुग्णात काय बदल दिसला आणि तिने त्याचा काय अर्थ लावला, तर ही स्केल तोकडी आहे. त्यासाठी लासाटर यांचं २००७चं रूब्रिक (मूल्यमापनाचा तक्ता) पाहा, त्यात लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून विचार करणं असे टप्पे वेगळे जोखले आहेत. आणि दुसऱ्या कॉलेजची तयार स्केल आणून वापरू नका. चिठ्ठ्यांवरची भांडणं वगळून नुसता फॉर्म नेलात तर जुनाच फॉर्म नव्या कागदावर मिळेल.

पुढच्या सेमिस्टरला बालरोगचं पोस्टिंग आहे. तिथे 'संवाद'ची वाक्यं जशीच्या तशी चालणार नाहीत, कारण बोलायचं असतं आईशी आणि सुई टोचायची असते बाळाला. कोऱ्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या आहेत.